दिनानाथच्या वर्तनाची वही

१० नोव्हेंबर १९९७, सोमवार

ही वही खरं तर माझी नव्हे. प्रोबेशन अधिकारी आशालताबाईंनी आज वसई कोर्टाच्या व्हरांड्यात मला बजावून सांगितलं, "मास्तर, रोज जमलं नाही तरी अधूनमधून लिहीत जा. तो कसा वागतो, कुठे जातो, कोणाला भेटतो. काही वावगं दिसलं तर मला पत्राने कळवा, पुढचं कोर्ट बघेल." घरी आल्यावर शाळेतून निवृत्त होताना आणलेल्या कोऱ्या वह्यांतली एक काढली आणि वर लिहिलं: दिनानाथ. वर्तन.

प्रकरण थोडक्यात असं. जुलैत माझ्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. चोर चौथ्या दिवशी भंगारवाल्याकडे मोटरसकट सापडला. वय बावन्न, मिठागरांकडच्या गावचा, बोळिंजला एका नव्या इमारतीवर वॉचमन होता. बांधकाम बंद पडलं आणि हा बेकार झाला. गुन्हा पहिलाच. जामीन राहायला कुत्रंही नाही, म्हणून खटला सुरू होईपर्यंत आतच. आमच्या पॅरिशचा तुरुंगसेवा गट महिन्यातून एकदा आतल्या लोकांना भेटतो. फादर फ्रेडरिक त्यांच्याबरोबर जातात. एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, मोटर तुमची. तुम्हीच त्याची हमी घेतलीत तर न्यायाधीश त्याला तुरुंगाऐवजी वर्षभर बाहेर ठेवतील. वर्ष नीट काढलं की सुटला. नाही काढलं तर मग शिक्षा आहेच."

"फादर, मी शाळामास्तर. चोर घरी आणून ठेवू?"

"छत्तीस वर्षं तुम्ही पोरांना अंगठे धरून उभं केलंत. त्याने किती सुधारली?"

माझ्याकडे आकडेवारी नव्हती. आणि आज सही केली.

गावी निर्मळला पोहोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोहोचली होती. माझी बायको मार्था वारली, त्याला अडीच वर्षं झाली. तिची धाकटी बहीण ॲनी शेजारच्या घरात राहते. ती फाटकातच उभी होती. "व्वा भावजी, चोराला घरात जागा आहे!" एवढंच म्हणाली आणि आत गेली. (ती घरच्या कुपारी बोलीत बोलते. मी शाळेची मराठी करून लिहितो. वही सरकारदरबारी जायची आहे.)

तिच्या बोलण्याचा रोख मला कळतो. त्या विषयाला या वहीत जागा नाही.

शेरा: दिनानाथ हजर. पडवीत झोपायची सोय केली. वर्तन ठीक.

१४ नोव्हेंबर

एक विचित्र गोष्ट. पडवीतून अंगणात उतरायला दार आहे. त्याची कडी कधीच गंजून पडली आहे, दार नुसतं लोटलेलं असतं. सकाळी साडेसहाला उठून बघतो तर हा तोंड धुवायचं सोडून दाराशी उभा. काल तसंच, परवा तसंच. मी येऊन दार ढकललं की मग बाहेर पडतो.

"अरे, उघडून जा ना!"

"हां मास्तर," म्हणतो. "सवय लागली. आत कोनीतरी उघडायचं, मग आपन जायचं."

चारच महिने आत होता.

शेरा: केळींना पाणी वेळेवर. बोलणं कमी. वर्तन ठीक.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाडीतली फुलं आणि भाजी सायकलवरून विकायला तो तयार आहे. माझी जुनी सायकल दिली. तिची घंटा घोगरी आहे, बदलायची म्हणता म्हणता वीस वर्षं गेली. त्याला सांगितलं, "आगाशीला जा, नाळ्याला जा, कुठेही जा. फक्त बोळिंजला जायचं नाही. घरात बोळिंजचं नावही काढायचं नाही."

"का मास्तर? तिकडं बिल्डिंगी हायत. फुलं खपतील."

मी कारण दिलं नाही. पण इथे एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. बोळिंजला माझी मुलगी राहते. जॉयस. १९९३ साली तिने जितेंद्र नावाच्या बँकेतल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. चर्च नाही, वऱ्हाड नाही, बापाची परवानगी नाही. मी तिला म्हटलं होतं, या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही. तिने ठेवला नाही. मार्था गेली तेव्हा चर्चच्या फाटकाबाहेर उभी होती. मी बघितलं आणि मान वळवली. मिस्सा संपल्यावर पुन्हा बघितलं तेव्हा ती तिथे नव्हती.

तिच्या खोलीला कुलूप आहे. संपला विषय.

शेरा: वर्तन ठीक.

८ डिसेंबर

दिनानाथ बोळिंजला जातो! सायकलच्या टोपलीत तिथल्या एका दुकानाची पिशवी सापडली. विचारलं तर मान खाली. "तिकडं गिऱ्हाईक लागलं, मास्तर. तोडवत नाय." मी बरंच बोललो. पण धंदा आहे. मी तरी त्याला काय कारण सांगणार? जा म्हटलं, पण त्या गावातली एकही गोष्ट माझ्या कानावर घालायची नाही.

आणखी एक निरीक्षण. सोनचाफा हल्ली कमी लागतो, तरी रोज चांगली चार फुलं निवडून तो ओल्या फडक्यात वेगळी बांधतो. विकत नाही, कारण हिशेबात येत नाहीत. "कोणासाठी?" विचारलं, तर लाजून म्हणाला, "एक बाई हाय."

शेरा: बाईचं प्रकरण असावं. लक्ष ठेवणे.

२६ डिसेंबर

नाताळ झाला. ॲनीने तिच्या घरी बोलावलं होतं, गेलो नाही. तिच्या घरी गेलं की भिंतीवर सगळ्यांचे फोटो. घरी मी आणि दिनानाथ, दोघांनी भात आणि कोंबडीचं कालवण खाल्लं.

जेवणानंतर त्याने एक डबा पुढे केला. करंज्या. "गिऱ्हाइकानं दिल्या. तुमी खावा."

एक उचलली आणि थबकलो. करंजीची मुरड डावीकडून उजवीकडे गेलेली. अशी मुरड फक्त डावऱ्या हाताची बाई घालते. मार्था डावरी होती. गावातल्या बायका तिच्या करंज्या ताटात लांबून ओळखायच्या. जगात डावऱ्या बायका काही कमी नाहीत, हे मान्य. पण आत ओल्या खोबऱ्यात जायफळ, तेही तिच्याच मापाचं. मी चार खाल्ल्या. मग डबा आत ठेवून मागच्या ओट्यावर जाऊन बसलो, कारण दिनानाथसमोर डोळे पुसणं बरं दिसलं नसतं.

जॉयसही डावरीच. पहिलीत ती माझ्याच वर्गात होती. उजव्या हाताने लिहावं म्हणून मी तिच्या डाव्या हातावर पट्टी मारायचो. इतर मुलांना एक, तिला दोन, म्हणजे मास्तर मुलीला झुकतं माप देतो असं कोणी म्हणायला नको. लिहायला ती उजव्या हाताने शिकली. बाकी सगळं डाव्यानेच करत राहिली.

हे इथे कशाला लिहिलं, कळत नाही. पान फाडलं तर वही सुटेल.

शेरा: वर्तन ठीक.

१९ जानेवारी १९९८

आज मी हादरलो. दुपारी केळीच्या पानांवर वांगी मांडता मांडता दिनानाथने विचारलं, "मास्तर, तुमच्यात पयल्या बाळंतपनाला माहेरून काय काय देतात?"

हातातलं वांगं खाली पडलं. म्हणजे प्रकरण इथवर गेलं! मी शक्य तितक्या थंडपणे म्हटलं, "डिंकाचे लाडू, सुकेळी, मऊ जुनी लुगडी. बाळाला पहिल्यांदा आजीच्या लुगड्यात गुंडाळतात. का?"

"नाय, असंच. आनि माहेर नसलं तर?"

"नसलं तर नसतं. सगळ्यांना माहेर असतंच असं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "वाईट वाटत आसंल बाईमानसाला."

मी उठून आत आलो. एका दुबळ्या, माहेर नसलेल्या बाईला या माणसाने कुठे आणून ठेवलं! फादरांना सांगावं तर ते हसतील. आशालताबाईंना कळवावं का? पण हा गुन्हा नव्हे, निदान कायद्याने नव्हे. आठ दिवस वाट बघतो.

संध्याकाळी माळ्यावरच्या सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, एक जुडगा कमी दिसला. जाऊ दे म्हटलं. कोणाची का असेना, पोटुशी बाई आहे.

२५ फेब्रुवारी, भस्म बुधवार

कपाळाला राख लावून आलो. या उपवासकाळात गोड सोडायचं ठरवलं आहे. दिनानाथने विचारलं, "मास्तर, राख कशाला?" मी म्हटलं, "माणूस मातीचा आहे, हे विसरू नये म्हणून." तो म्हणाला, "आमच्याकडं मिठात काम केलं की सांगावं लागत नाय, पायच सांगतात."

हल्ली संध्याकाळी फाटक वाजलं की माझे कान तिकडे जातात. ॲनी असते, नाहीतर दिनानाथची सायकल. तिसऱ्या कोणाची वाट बघायचं मला काही कारण नाही. तरीही बघतो. जेवायला बसलो की तीन पाट मांडावेसे वाटतात. काल खरंच मांडले आणि एक उचलून ठेवला.

हे सरकारी वहीत चालणार नाही. आशालताबाईंना वेगळी स्वच्छ प्रत करून द्यावी लागेल.

८ मार्च, रविवार

दिनानाथ सायकल फाटकाला टेकवायचीही वाट न बघता आत धावत आला. हातात बर्फीचा पुडा. "मास्तर, मुलगी झाली! आई नि बाळ, दोघी बऱ्या हायत!"

"कोणाला?"

तो एकदम थांबला. "गिऱ्हाइकाला," म्हणाला.

गिऱ्हाइकाच्या मुलीचा एवढा आनंद? बावन्न वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी? मला काय समजायचं ते मी समजलो. त्याने बर्फी पुढे केली. उपवासकाळ आहे, गोड सोडलं आहे, शिवाय प्रकरण हे असं. तरी कसं कोण जाणे, मी ती तोंडात टाकली.

शेरा: मी नियम मोडला. (हा शेरा दिनानाथवर नाही.)

२७ मार्च, शुक्रवार

मार्थाची तिसरी पुण्यतिथी. सकाळी मिस्सा. मग दरवर्षीप्रमाणे तिची पेटी उघडली. तिच्या वस्तू उन्हाला लावायच्या आणि परत ठेवायच्या, एवढंच मी तिच्यासाठी आता करू शकतो.

तिचं लाल चौकड्यांचं लुगडं पेटीत नाही. सणाला नेसायची ते, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. वरची चादर घडी घालून नीट ठेवलेली आहे. म्हणजे घेणाऱ्याने सावकाश घेतलं आहे.

घरात दोनच माणसं.

२८ मार्च

विचारलं.

"दिनानाथ, पेटीतलं लुगडं?"

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. "मी घेतलं," म्हणाला.

"विकलंस?"

"नाय."

"मग कोणाला दिलंस? त्या बाईला?"

"हां."

"ते माझ्या बायकोचं होतं, दिनानाथ."

"म्हनूनच दिलं मास्तर," म्हणाला. पुढे कितीही विचारलं तरी एक अक्षर नाही. "शब्द दिलाय," एवढंच.

शब्द! त्याने मोटर नेली तेव्हा मी कोर्टात उभा राहून म्हटलं, साहेब, याला आत घालू नका. मोटर लोखंडाची होती. हे लुगडं म्हणजे मार्थाच्या अंगाची राहिलेली शेवटची ऊब होती, आणि ती त्याने कुठल्याशा बाईच्या अंगावर घातली. मला इतका राग गेल्या पाच वर्षांत आला नव्हता.

३० मार्च, सोमवार

आशालताबाईंना पत्र टाकलं. 'घरातून वस्तू नाहीशी झाली. दिनानाथने घेतल्याचं कबूल केलं आहे. पुढे हमी राहण्याची माझी इच्छा नाही.' तीन वाक्यं, शुद्धलेखन दोनदा तपासलं.

पोस्टातून परत आलो तेव्हा तो केळींना पाणी सोडत होता. त्याला सांगितलं, पत्र गेलं. "बरं," म्हणाला आणि पाट वळवून पुढच्या आळ्याकडे गेला. या पत्राचा अर्थ तुरुंग, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

७ एप्रिल

उत्तर आलं. १५ तारखेला दोघांनी वसईला हजर राहायचं. त्यानंतर आशालताबाई कोर्टाला अहवाल देतील.

दुसरं असं की पवित्र गुरुवारी फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यांत या वर्षी माझं नाव आहे. फादर म्हणाले, "मास्तर, तुम्ही एका माणसाला तुरुंगातून बाहेर काढलंत, पॅरिशला ते दिसू दे." मी त्यांना पत्राचं सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि "बरं" म्हणालो.

९ एप्रिल, पवित्र गुरुवार

वेदीसमोर बारा खुर्च्या. मी सातवा. फादर गुडघ्यावर बसले, उजव्या पायावर पाणी ओतलं, पुसलं, ओठ टेकवले. मी वर बघितलंच नाही. मागच्या रांगेत दिनानाथ उभा होता, मिस्सा बघायला म्हणून आलेला. घरी आल्यावर म्हणाला, "मास्तर, पाय धुतलं तेव्हा तुमी रडला. बरं वाटलं का?"

मी म्हटलं, "पाणी गार होतं."

१० एप्रिल, शुभ शुक्रवार

क्रुसाच्या वाटेची भक्ती करून परतत होतो. ॲनी बरोबर चालत आली. लुगड्याचं तिला मीच सांगितलं होतं. फाटकाशी थांबून ती बोलली, मी शक्य तसं उतरवतो.

"भावजी, माझ्या बहिणीचं लुगडं चोराकडे नाही. मी बघितलं आहे. बोळिंजला तुझ्या लेकीच्या गॅलरीत वाळत आहे. तुकडे करून बाळाची दुपटी केली आहेत. मुलगी झाली आहे तिला. महिना होऊन गेला. तुला सांगायची सोय तू कोणाला ठेवली आहेस का?"

मी फाटकाकडे वळलो. ती म्हणाली, "आज तरी रागावू नकोस. आजचा दिवस कसला आहे, बघ."

मी रागावलो नव्हतो. मला फक्त बसायला जागा हवी होती.

११ एप्रिल, शनिवार

बसने बोळिंजला गेलो. बिल्डिंग माहीत होती. कशी माहीत होती, ते लिहीत नाही. गेल्या पाच वर्षांत त्या रस्त्याने मी अनेकदा गेलो आहे, काही काम नसताना.

तिसरा मजला. गॅलरीतल्या दोरीवर लाल चौकड्यांचे सहा तुकडे. मार्था अंगणात वाळत घालायची तसेच, एकावर एक काठ चढवून, चिमटे वाचवून. खालच्या किराणावाल्याच्या फळीवर बसून मी अर्धा तास बघत राहिलो. एकदा एक हात बाहेर आला. डावा. एक तुकडा चाचपून बघितला, वाळला नव्हता, तसाच ठेवून आत गेला.

मार्था गेल्यापासून मला एवढंच दिसलं. एक हात. मी तेवढ्यावर कितीतरी दिवस काढले असते. पण वर जायला पाय उचलला नाही. काय तोंडाने जाऊ?

घरी येऊन दिनानाथला समोर बसवलं. "सांगितलं का नाहीस?"

"तुमीच म्हनालेलात, बोळिंजची एकबी गोष्ट कानावर घालायची नाय. आनि ताई म्हनाल्या, पप्पांना कळू देऊ नका, नायतर फुलंबी बंद होतील. दोघांनी माझंच तोंड बांधलं. मी कुनाला सांगू?"

"तिने तुला ओळखलं कसं?"

"मला नाय, घंटेला ओळखलं. घोगरी घंटा ऐकून तीन जिनं उतरून खाली आल्या. सायकलला हात लावून उभ्या राहिल्या. मला म्हनाल्या, पप्पा जेवतात का वेळेवर."



"लुगडं तिने मागितलं?"

"नाय नाय. त्या फकस्त म्हनाल्या, आईचं लुगडं आसतं तर. मीच घेतलं. तुमी सांगितलं होतं ना, बाळाला आजीच्या लुगड्यात घेतात म्हनून."

"आणि उद्या तुला आत पाठवलं असतं तर?"

"गेलो आसतो. आतलं मला म्हाईत हाय. बाळ नवं हाय, मास्तर."

१२ एप्रिल

पुनरुत्थानाचा रविवार. ॲनीने करंज्या आणल्या, मुरड उजव्या हाताची. तिच्या घरी जेवायला गेलो, दिनानाथलाही नेलं. भिंतीवरचा जॉयसचा फोटो बघितला. पहिल्या कम्युनियनचा, डाव्या हातात मेणबत्ती.

१५ एप्रिल, बुधवार

आशालताबाईंपुढे माझं पत्र होतं.

"मास्तर, अक्षर तुमचंच ना? आता सांगा काय झालं ते. मला अहवाल द्यायचा आहे."

दिनानाथ दाराशी उभा होता, हात मागे. मी येताना वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. घडलं ते जसंच्या तसं सांगायचं आणि दया मागायची. पण घडलं ते असं की प्रोबेशनवरच्या माणसाने न विचारता पेटीतून वस्तू घेतली. कागदावर ती चोरीच. दया त्यांच्या हातात नाही.

"लुगडं मी दिलं," मी म्हटलं.

"कोणाला?"

"माझ्या मुलीला. तिच्या बाळासाठी. दिनानाथ फक्त पोहोचवून आला."

"मग हे पत्र कशाला?"

"दिलेलं विसरलो होतो."

"मुलीला दिलेली बायकोची वस्तू विसरलात?" त्यांनी चष्मा काढला. त्या काही दुधखुळ्या नाहीत. पण त्यांनी ताणलं नाही. पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. "हे परत न्या. हमी चालू ठेवायची ना? आणि ती वही आणलीत का?"

"पुढच्या खेपेला आणतो."

बाहेर आल्यावर दिनानाथ म्हणाला, "मास्तर, तुमी सरकारी बाईशी खोटं बोल्लात! आता तुमच्यावर कोन नजर ठेवनार?"

छत्तीस वर्षं मी खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. फादरांकडे जाऊन पाप कबूल करीन. पश्चात्ताप होत नाही, हेही सांगावं लागेल. पण खोटं तसंच पडू द्यायचं, हे मला जमणार नाही. मी दिलं म्हणालो, तर आता द्यायला हवं.

१६ एप्रिल, गुरुवार

सकाळी तिच्या खोलीचं कुलूप काढलं. किल्ली फिरेना, दिनानाथने तेल घातलं. खिडकी उघडली, गादी उन्हात टाकली. मग सोनचाफ्याची चार फुलं ओल्या फडक्यात बांधली आणि सायकल घेतली. दिनानाथ म्हणाला, मी येतो. मी नको म्हटलं. त्रेसष्टाव्या वर्षी निर्मळ ते बोळिंज सायकलने, दोनदा उतरून श्वास घेतला.

तीन जिने. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून पाळण्याच्या दोरीचा कुरकुर आवाज येत होता आणि कोणीतरी हलक्या आवाजात गुणगुणत होतं. आमच्या घरच्या बोलीत. मार्था जे म्हणायची तेच, मधल्या दोन ओळी विसरून.

मी उभा राहिलो. कडी नाही, कुलूप नाही, ढकललं तर उघडेल, तरी उभा. आतून कोणीतरी उघडेल, मग आपण जायचं. दिनानाथ रोज सकाळी का उभा राहायचा, ते मला तिथे समजलं. त्याला चार महिन्यांची सवय होती, मला पाच वर्षांची. आणि मला कोणी आत घातलं नव्हतं.

ढकललं.

ती जमिनीवर बसली होती, डाव्या हाताने दोरी ओढत. बघितलं आणि दोरी थांबली. वाळली आहे. केसांत चाफा होता, कालचा.

"पप्पा."

वाटेत दहा वेळा घोकलेलं वाक्य मी म्हटलं, "आईचं लुगडं मी दिलं."

"केव्हा?"

"काल. सरकारी अधिकाऱ्यासमोर."

ती हसायला लागली आणि हसता हसता तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. मग उठली, पाळण्यातून लाल चौकड्यांचं गाठोडं उचललं आणि माझ्यापुढे धरलं. "आर्या," म्हणाली. मला बाळ घेता येत नाही, कधी घेतलंच नव्हतं, जॉयसलाही नाही. तिने माझे हात धरून दाखवलं, हा इथे, हा असा. त्या डाव्या हाताच्या बोटांवर मी कधी काळी पट्टी मारली होती. मी ती बोटं धरली आणि म्हटलं, "जॉयस, चुकलो." शाळेत हा शब्द मी दुसऱ्यांकडूनच वदवून घेतला होता.

बाळाला मार्थाच्या पेटीचा वास येत होता.

जितेंद्र संध्याकाळी येईल, थांबा म्हणाली. थांबलो.

आशालताबाईंना ही वही देता येणार नाही, हे आता नक्की झालं. त्यांना दुसरी लिहून देईन, त्यात केळींना पाणी वेळेवर. ही माझी. तेव्हा शेवटचा शेरा माझ्याच नावावर घालतो.

फर्डिनंड: हजर. पाच वर्षं उशिरा.